विहिरीतल्या माहेरच्या मासोळ्या

आमच्याकडे नव्या पाण्यात जुन्या पाण्यातली मासोळी सोडतात. पाणी जितं राहतं म्हणतात. देऊळघाटच्या आमच्या मळ्यात विहिरीला पाणी लागलं, तेव्हा माझी माय अमडापूरहून कळशीत मासोळ्या घेऊन आली. एसटीत कळशी मांडीवर, तोंडाला ओलं फडकं.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, मासोळ्यायचं बी तिकीट लागते."

"फाड मंग. पण खिडकीजवळची जागा दे त्यायले!"

माय गेली. मासोळ्यांचा वंश विहिरीत राहिला. मी पायरीवर भाकर कुस्करली की गोळा व्हायच्या.

मग सून पुष्पांजलीनं विकायला सोनमासे पाळले, सिमेंटच्या हौदांत. मी म्हटलं, "खाचे नाही, पुजाचे नाही, नुसते पाहाचे?"

"तुमच्या नव्या लुगड्यावानी, आत्याबाई. पेटीतच राह्यते न ते?"

जिभेला माझ्याच घरात येऊन धार लावली तिनं.

माझ्या गोपालनं रीत म्हणून विहिरीतली एक मासोळी नव्या हौदात सोडली. थोड्याच दिवसांत सोनमासे भिंतीला अंग घासू लागले. पुष्पांजलीनं एक हातावर घेतला. खवल्यांना काचेसारखे चपटे किडे चिकटलेले. रक्त पिणारे.

"काऊन सोडली बे?" मी गोपालला म्हटलं.

"रीत आहे न माय."

औषधानं तो हौद सावरला. पण साऱ्या हौदांत पाणी विहिरीचंच. पुष्पांजली माझ्यासमोर येऊन नुसतीच उभी.

"बोल न वं. तोंडात गूळ धरला काय?"

"विहिरीत मासोळी आहे तवर किडा जगते, आत्याबाई. समद्या काढा लागतीन, नाहीतं माहे मासे मरतीन. तुमच्या मी मारत नाही. वायल्या, येगळ्या टाक्यात ठेवू, चिमट्यानं किडे काढू, औषध देऊ. पण विहिरीत पुन्हा नाही."

गोपाल म्हणाला, "मी जाळं टाकतो."

"जाळं चोरायले टाकतात. माहेरच्यायले बोलवा लागते."

मी पायऱ्या उतरले. टोपली पाण्यात बुडवली, वर भाकर कुस्करली. आल्या. माझ्या हाताची सावली ओळखून आल्या. गोपाल एकेक टोपली वर नेऊन टाक्यात रिकामी करत होता. शेवटी एक मोठी राहिली, शेपटीजवळ काळी. बराच वेळ ती लांबूनच फिरली. मीही घाई केली नाही. मग तीही आली.

टोपली जड नव्हती. माझ्यानं मात्र ती उचलवेना; सुनेला हाक मारावी लागली.