वाटाणा टेकडीचं मंडळ

आमचं बंधुमंडळ इतक्या वेळा मेलं आणि इतक्या वेळा जिवंत झालं की नीट मरायचं कसं, हेच ते विसरून गेलं. शेवटी ते काम माझ्याकडे आलं.

सुरुवात पोटापासून झाली होती. कॉलेजच्या मागे एक टेकडी आहे. तिच्या चहूकडे वाटाणा आणि मसूर पिकतो. तिथल्या एका बाईच्या खानावळीत काही विद्यार्थी जेवत. एकदा त्यांनी उकडलेले बटाटे एकमेकांना फेकून मारले आणि बाईंनी त्यांना हाकलून दिलं. पोरांनी स्वतःचा स्वयंपाकी ठेवला. एका वाटाणेवाल्या शेतकऱ्याने राहायला घर दिलं, आणि त्यांनी आपलं नाव ठेवलं 'पी हिल बॉइज', म्हणजे वाटाणा टेकडीची पोरं. इथवर त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. भुकेपोटी एकत्र आलेली माणसं मला आवडतात.

पण अमेरिकेतल्या कॉलेजांत अशी एका घरात राहणारी विद्यार्थ्यांची मंडळं ग्रीक अक्षरांची नावं घेतात. आजूबाजूच्या मंडळांच्या दारांवर ती होती आणि यांच्या दारावर नुसता घोड्याचा नाल. ग्रीक कोणालाच येत नव्हतं. मग त्यांनी अक्षरांचा तक्ता समोर घेतला आणि इंग्रजी पी, एच, बी यांच्यासारखी दिसणारी तीन अक्षरं त्यातून शोधून काढली. ऱ्हो, ईटा, बीटा. उच्चार भलतेच आणि अर्थ काहीच नाही, पण लांबून बघितलं तर हुबेहूब पी-एच-बी. ती लाकडात कोरून दारावर ठोकली आणि त्या दिवसापासून ही बटाटे फेकणारी पोरं स्वतःला प्राचीन समजू लागली. पुढे त्या अक्षरांना काहीतरी गुप्त अर्थ हवा म्हणून एका पाद्र्याकडून तो बनवून घेतला. तो न सांगण्याची शपथ मी घेतली आहे. सांगण्यासारखा तो नाहीही.

मंदीच्या काळात घर चालेना, तेव्हा शेजारच्या मंडळाशी विलीनीकरण झालं. त्यांचं चिन्ह घुबड. दोन्ही मंडळांनी आपलं गुप्त हस्तांदोलन परक्याला न दाखवण्याची शपथ घेतलेली, आणि दाखवल्याशिवाय परका भाऊ होईना. एका छपराखाली, एका टेबलावर जेवून, ते बराच काळ एकमेकांना परके राहिले. शेवटी तोड निघाली ती अशी की बोटं आमची आणि मनगट घुबडांचं. ते हस्तांदोलन करताना दोन माणसं काटेरी तारेत अडकून सुटायला धडपडताहेत असं वाटे.

युद्धात सगळे सैन्यात गेले आणि मंडळ मेलं. युद्धानंतर परत आलेल्यांनी ते उठवलं. अशा उठवलेल्या मंडळात मी सत्तावन्न साली शिरलो.

माझं नाव मिनोरू ओकित्सू. आमची कांद्याची शेती होती. त्याआधी, युद्धात, सरकारने आम्हा जपानी वंशाच्या लोकांना वाळवंटातल्या छावणीत कोंडलं होतं. तिथे शाळा होती, पण सुरुवातीला पुस्तकं नव्हती, म्हणून माझी अक्षरओळख उशिरा झाली. ग्रीक अक्षरं मात्र मी चटकन पाठ केली. नव्या पोराने पेटती काडी हातात धरून ती सगळी म्हणायची, काडी बोटापर्यंत यायच्या आत. मी म्हटली. माझ्या खोलीतला आर्लो ट्वेट मधेच अडखळला आणि त्याची बोटं भाजली. तो नॉर्वेजियन शेतकऱ्याचा मुलगा, उंच, गोरा, आणि कोणत्याही सभेत बहुतेकांचा कल कुठे आहे हे बघून मग स्वतःचं मत शोधणारा. लोकांना तो समंजस वाटे. पुढच्या वर्षी त्यालाच अध्यक्ष केलं.

मंडळात कोणाला घ्यायचं ते पत्र्याच्या डब्यात ठरे. वाटाणा टाकला म्हणजे हो, मसूर टाकला म्हणजे नको. एक मसूर पुरे. माझ्या वेळी एकही पडला नाही. हे त्यांच्या बाजूने सांगून टाकतो, कारण यापुढे त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

अठ्ठावन्न साली सिंहवाले आले. ही पूर्वेकडची मोठी, देशभर पसरलेली संघटना. ढालीवर सिंह, लॅटिनमध्ये घोषवाक्य. त्यांना आमच्या गावात घर हवं होतं आणि आमच्या लोकांना सिंह हवा होता. त्यांच्या घटनेत एकच अडचण होती. सभासद गोरा आणि ख्रिस्ती असला पाहिजे. ख्रिस्ती तर मी होतो.

सभा संपवून आर्लो खोलीत आला आणि माझ्या पलंगावर बसला.

"मिन, ऐक. हे सगळं कागदापुरतं आहे."

"काय कागदापुरतं?"

"तू घरातच जेवायचंस. खोली वगैरे बघू नंतर. तुझ्यासाठी वेगळं पद काढलंय. पंगतभाऊ."

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊच. पंगतीपुरता."

"माझ्यावर मतदान झालं का?"

"झालं."

"मसूर किती पडले?"

"मिन, असं काय विचारतोस रे."

मी ट्रंक भरली आणि पशुखाद्याच्या दुकानावर खोली घेतली. त्या पंगतीला एकदाही बसलो नाही. बाकीच्या सगळ्यांनी जुन्या मंडळाचा राजीनामा लिहून दिला आणि सिंहांची शपथ घेतली. माझ्याकडून राजीनामा घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्याला मोजायचंच नाही, त्याचा राजीनामा कशाला घ्यायचा?

पुढे सिंहांनी ते कलम खोडलं, आणि तोंडं अशी केली जणू दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं होतं. सत्तरच्या दशकात पोरांना केस वाढवायचे होते, भाऊ व्हायचं नव्हतं, म्हणून मंडळ मेलं. ऐंशीच्या दशकात पुन्हा उठलं, या खेपेला दारूवर. शेवटी एका नव्या पोराला पिऊन पिऊन दवाखान्यात न्यावं लागलं आणि कॉलेजने सिंहांना हाकललं. घराला कुलूप लागलं. दरवेळी उठवणारे म्हणत की परंपरा जपली पाहिजे. कोणती, ते कोणी म्हणत नसे.

मी शेती केली, म्हातारा झालो, बायको गेली. आर्लोही त्याच गावात म्हातारा झाला. रस्त्यात भेटलो की आम्ही पावसापाण्यावर बोलत असू. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला.

"मिन, उद्या दुपारी येशील का? एक माणूस तुला भेटायचं म्हणतोय. घराचं काम आहे."

त्याच्या स्वयंपाकघरात एक तिशीतला गृहस्थ बसला होता. कोल्टन नावाचा, सिंहांच्या मुख्य कचेरीतला. कोटावर सोन्याचा सिंह. मंडळं उठवणं हीच त्याची नोकरी होती.

"मिस्टर ओकित्सू, तुम्हाला भेटणं हा माझा सन्मान आहे," तो म्हणाला.

"काम बोला."

काम असं होतं. त्या शेतकऱ्याने घर देताना लिहून ठेवलं होतं की वाटाणा टेकडीच्या मंडळाचा एक तरी भाऊ जिवंत आहे तोवर घर मंडळाचं. तसा कोणी नसेल तर कॉलेजचं. कॉलेजला तिथे गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. माझ्या वेळच्या बाकी सगळ्यांनी राजीनामे दिलेले आणि त्याआधीचे सगळे वारलेले. राजीनामा न दिलेला, जिवंत असलेला एकच होता.

"म्हणजे मंडळ म्हणजे मी," मी म्हणालो.

"कायद्याने, हो सर. तुम्ही मंडळाचं पुनरुज्जीवन करायचं. आमची पंधरा मुलं तयार आहेत, त्यांना आत घ्यायचं. मग वर्षभराने आपण एक छोटंसं..." तो अडखळला.

"काय छोटंसं?"

"विलीनीकरण. आमच्यात."

मला हसू आलं. आर्लोने खाली बघितलं.

"आणि तेव्हा मला काय करणार? पुन्हा पंगतीला बसवणार?"

"नाही नाही, सर. आता सगळ्यांचं स्वागत असतं. तुम्ही तर आमच्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर असाल."

"आर्लो, तुला काय हवंय यात?"

"घर पाडू नये एवढंच रे. माझं सगळं तारुण्य तिथलं. मी मेल्यावर सिंह मला त्यांच्या यादीत धरणार नाहीत, आमची शाखाच बुडाली. मी आता कुठलाच नाही. तू सही केलीस तर मला पुन्हा काहीतरी होता येईल."

हे मात्र त्याने सरळ सांगितलं. मी कॉफी प्यायलो आणि म्हणालो, "सभा सुरू झाली असं समजा. मंडळ विसर्जित करावं असा ठराव मी मांडतो."

कोल्टन हादरला. आर्लो मात्र सवयीने बोलून गेला, "अनुमोदन लागतं. अनुमोदक नसेल तर ठराव पडतो."

माणूस कसलाही असो, सभेचे नियम त्याला पाठ होते.

"मग अर्ज कर," मी म्हणालो. "तुला आत घेतो. अनुमोदन दे."

"चेष्टा करतोस?"

"नाही. पण आत येणाऱ्याला भावाने एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं, हा नियमही तुला पाठ असेल."

तो म्हणाला, "विचार."

"पंगतभाऊ हा शब्द कोणाचा?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "माझा. सिंहांनी तर सांगितलं होतं, त्याला नुसतं जा म्हणा. मी म्हटलं, थांबा, मी काहीतरी शोधतो. शब्द सापडला तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, मिन. मला त्याचा अभिमान वाटला होता. कितीतरी वर्षं वाटत होता."

"आणि मसूर?"

"प्रश्न एकच विचारायचा असतो."

"बरोबर."

"टाकला होता. मी शेवटी टाकला. तोवर डब्यात वाजणारा आवाज ऐकून कळलं होतं की सगळे मसूरच टाकतायत. वाटाणा जड वाजतो."

मी उठलो, त्याच्या फडताळातली वाटाण्याची बरणी काढली आणि एक वाटाणा रिकाम्या कपात टाकला. तो खरंच जड वाजला. मग आम्ही ते हस्तांदोलन केलं, बोटं आमची आणि मनगट घुबडांचं. दोघांच्या सांध्यांना ते झेपेना. अर्ध्यात सोडून दिलं.

"झालास," मी म्हणालो. "आता ठराव."

"मिस्टर ट्वेट, विचार करा," कोल्टन म्हणाला. "तुम्ही दोघं मिळून घर वाचवू शकता. तुम्ही विरोध केलात तर ठराव पडतो. तुम्ही आता भाऊ आहात."

आर्लोने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो जन्मभर बहुमताच्या बाजूने उभा राहिला होता, आणि त्या स्वयंपाकघरात बहुमत म्हणजे मी होतो. निदान मला तेव्हा तसं वाटलं. पण त्याने खूप वेळ घेतला, आणि मला बघून मत ठरवायला एवढा वेळ लागत नाही.

"अनुमोदन," तो म्हणाला.

कोल्टनने बॅग उचलली. जाताना तो मला म्हणाला, "एवढा इतिहास तुम्ही एका दुपारी संपवलात, सर."

"इतिहास कसला? चार बटाटे फेकले होते."

तो गेल्यावर आर्लोने नाक पुसलं. "इतिवृत्त कोण लिहिणार?"

"कोणासाठी?"

तो उठून गॅसवर सूप ठेवायला लागला. मी टोपी घातली, मग काढली, आणि खुर्ची ओढून बसलो.