मास्तरचा एकच मंत्र

अठ्ठ्याहत्तर साली माधवनगरच्या एका कापडगिरणीला दर बुधवारी वीजकपातीची सुट्टी असे. त्या दिवशी माग बंद, भोंगा बंद, आणि फाटकाशेजारच्या कँटीनमध्ये टाइमकीपर मानसिंग दोघातिघांना घेऊन दुपारभर राक्षस मारत बसे.

मानसिंग अठरा वर्षं फौजेत कारकुनी करून आलेला माणूस. त्याच्या मामेभावानं अमेरिकेहून एक खोका धाडला होता. त्यात एक इंग्रजी पुस्तक आणि भलत्याच कोनांचे फासे. मानसिंगनं सहा महिने शब्दकोश मांडीवर घेऊन त्या पुस्तकाचं मराठी केलं, शंभरपानी दोन वह्या भरून. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. प्रत्येकानं एक माणूस कागदावर तयार करायचा आणि तो माणूस होऊन बोलायचं. भुयारात काय आहे ते मानसिंग सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. नियम मात्र मानसिंगच्या हातात, म्हणजे फौजेचे. लेबर ऑफिसातले लालासाहेब एकदा कंटाळून "मरू दे तिकडं" म्हणाले, तर मानसिंगनं त्यांचा तिरंदाज मेला असं वहीत लिहून टाकलं. त्यांना दुसरा तयार करावा लागला.

दिवाळीनंतर या मंडळींची पंचाईत झाली. मंत्र टाकणारा भाऊसो इचलकरंजीला चांगली नोकरी लागून निघून गेला. उरले लालासाहेब आणि मागांची देखरेख करणारा जॉबर धुळा. धुळा आटपाडीकडचा धनगर. त्याचा लढवय्या तलवारीला दणकट होता, पण भुयाराच्या दुसऱ्या मजल्यावर तलवारीचं काही चालत नव्हतं. मांत्रिक पाहिजे होता, आणि सुट्टीच्या दिवशी गिरणीत चौथा माणूस एकच असे, तो म्हणजे फाटकावरचा वॉचमन कृष्णात पैलवान.

"पैलवान, मांत्रिक हुता का?" धुळानं खिडकीतून विचारलं.

कृष्णातला आजवर लोकांनी कुस्तीला बोलावलं होतं, जेवायला बोलावलं होतं, कपाट हलवायला तर दर महिन्याला बोलावत. बसून काही करायला कुणी बोलावलं नव्हतं. तो खुर्ची उचलून आला आणि फाटक दिसेल असा बसला.

त्याला एकच भीती होती. कृष्णातला लिहिता-वाचता येत नव्हतं. गिरणीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं असतं तर नोकरी गेली असती, कारण नोकरीच्या अर्जावर 'सातवी पास' असं होतं. ते त्याच्या वस्तादांनी लिहिलं होतं, आणि तो अर्ज तपासून फायलीला लावला होता लालासाहेबांनी. मुळात कडेगावच्या शाळेत तो दोन महिने गेला होता. मग चुलत्यानं त्याची मांडी बघितली आणि उचलून सांगलीच्या तालमीत नेऊन टाकलं. शाळेतले मास्तर त्याला परत न्यायला दोनदा एस.टी.नं सांगलीला आले होते. दोन्ही वेळा चुलत्यानं त्यांना दूध पाजलं आणि वाटेला लावलं.

फाटकावर त्याची युक्ती साधी होती. गिरणीच्या पासावर उजवीकडं खाली जांभळा शिक्का असे. शिक्का जागेवर असला की पास सुलटा. मग कृष्णात त्याच्यावरून डोळे डावीकडून उजवीकडं तीन वेळा फिरवी, मान डोलावी आणि "जावा" म्हणे. ड्रायव्हरांचे चेहरे त्याला पाठ होते. नऊ वर्षांत एकही ट्रक चुकीचा सुटला नव्हता.

"तीन फासे, सहा वेळा," मानसिंग म्हणाला. "जे पडेल ते. बदलून मिळत नाही. पहिलं बळ."

कृष्णातनं फासे टाकले. एक, दोन, दोन.

"बळ पाच," मानसिंगनं लिहिलं. धुळाला इतकं हसू आलं की त्याला उठून पाणी प्यावं लागलं. समोर सव्वाशे किलोचा गडी बसलेला आणि कागदावर त्याला भरली घागर उचलायची चोरी.

"दुसरं, बुद्धी."

सहा, सहा, पाच.

"सतरा."

"सतरा म्हंजे किती?"

"अठराच्या वर नसतंच."

"पुन्यांदा मोजा."

मानसिंगनं पुन्हा मोजले. सतराच होते. कृष्णातला फार बरं वाटलं. अडतीस वर्षांत त्याच्या दंडाचं, मानेचं, मांडीचं माप सगळ्यांनी घेतलं होतं. बुद्धीचं कुणी घेतलं नव्हतं. बाकीचे चार आकडे बेताचेच पडले, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

मग जीव किती ते काढायला मानसिंगनं चार बाजूंचा टोकदार फासा दिला. दोन पडले.

"दोन जीव म्हंजे?"

"मांजरानं दोनदा बोचकारलं की खलास. मांजर मोठं असलं तर एकदाच."

"मग चिलकत तरी द्या."

"मांत्रिकाला चिलखत चालत नाही."

"तलवार?"

"नाही. सुरी चालते."

"मग सकाळी उठून तालीम किती करायची?"

"मांत्रिक तालीम करत नाहीत, पैलवान."

"मग दिसभर करत्यात काय?"

"वाचतात," मानसिंग म्हणाला.

कृष्णातनं खुर्ची थोडी मागं सरकवली. मानसिंग शांतपणे सांगत राहिला. मांत्रिकाची एक पोथी असते. रोज सकाळी तिच्यातला मंत्र वाचून डोक्यात भरायचा. एकदा टाकला की तो डोक्यातून पुसला जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायचा. नवख्याला एकच मंत्र मिळतो, दिवसातून एकदा.

"एकच डाव, आन् एकदाच," कृष्णात म्हणाला. "म्हंजे आदी जोड बगायची, समोर कोन हाय त्ये. गडबडीत टाकला की गेला."

मानसिंगनं मान वर केली. हे भाऊसोला दीड वर्षात कळलं नव्हतं.

"नाव काय घालू?"

"मास्तर."

"मास्तर काय? पुढं?"

"निस्तं मास्तर."

मानसिंगनं 'मास्तर' असं लिहिलं आणि मंत्रांच्या यादीची वही उलटी फिरवून त्याच्यापुढं सरकवली. "यातला एक निवडा."

"तुमी वाचा की," कृष्णात घाईनं म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकाय बरं वाटतंय."

मानसिंगला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि वाचलं. झोप आणण्याचा मंत्र होता. भुरळ घालण्याचा होता, उजेड पाडण्याचा होता, दार आतून घट्ट धरून ठेवण्याचा होता.

"दार धराय मंत्र कशाला? पैलवान उबं ऱ्हायलं की झालं," धुळा म्हणाला.

"बळ पाच आहे," मानसिंगनं आठवण दिली.

"झोप घ्या," लालासाहेब म्हणाले. "नवख्यानं डोळे झाकून झोप घ्यावी. एका दमात दहा-बारा जण आडवे होतात. भाऊसोनं तोच घेतला होता."

"आणि शेवटचा," मानसिंग म्हणाला, "वाचनाचा. कुठल्याही लिपीतलं वाचता येतं."

"त्यो," कृष्णात म्हणाला.

लालासाहेबांनी चष्मा काढला. त्यांनी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं की राक्षस अंगावर आल्यावर वाचून काय दाखवणार, त्याला काय पेपर वाचायचाय? कृष्णात हलला नाही. "मास्तर हाय त्यो. त्येला वाचाय आलं पायजे," एवढंच तो बोलला. त्याच्या मनातला हिशेब निराळा होता. मास्तरकडं वाचायचा मंत्र असला म्हणजे कृष्णातला वाचायला कुणी सांगणार नाही. मास्तर मंत्र टाकेल, काय लिहिलंय ते मानसिंग मोठ्यानं सांगेल, आणि आपण मान डोलवायची. बुद्धी सतरा असलेल्या माणसाला शोभेल असाच हा विचार होता, आणि तिथंच तो फसला.

पहिले दोन बुधवार छान गेले. मास्तर सगळ्यांच्या मागं राहून दोन जीव सांभाळत असे आणि पुढच्यांना सल्ला देई. कुणाला आधी अंगावर घ्यायचं, कुणाला दमवायचं, कुठं पाय रोवायचा. सल्ले बरोबर निघत. "मास्तर, काय करू?" असं धुळा विचारी. मास्तर म्हणून हाक आली की कृष्णातला इतकं बरं वाटे की तो मुद्दाम पहिल्या हाकेला ओ देत नसे.

तिसऱ्या बुधवारी दार आलं.

"काळ्या दगडाचं दार," मानसिंग म्हणाला. "मागं विहीर, परत फिरायची वाट बंद. दारावर काहीतरी कोरलंय. लिपी तुमच्यातल्या कुणाला येत नाही."

धुळाचा लढवय्या दाराला टेकूनच उभा होता. आठातला एकच जीव उरला होता. आत काही वाईट असतं तर पहिला तोच जाणार होता, आणि त्या गड्यावर धुळाचा जीव होता. वर्षभर सांभाळला होता.

"मास्तर, काडा आता त्यो मंत्र," धुळा म्हणाला.

कृष्णात खुर्चीत ताठ बसला. "टाकला मंत्र," तो म्हणाला आणि ऐकायला मान कलती केली.

मानसिंगनं काही सांगितलं नाही. त्यानं एक चिठ्ठी घेतली, आडोसा करून तिच्यावर लिहिलं, चार घड्या घातल्या आणि टेबलावरून सरकवली. "जे एकालाच कळतं ते चिठ्ठीवर. नियम आहे. मास्तरनं वाचायचं, मग वाटलं तर बाकीच्यांना सांगायचं."

कृष्णातनं चिठ्ठी उघडली. शिक्का नव्हता. अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात एवढं त्याला माहीत होतं, पण अठरा वर्षांच्या कारकुनीत मानसिंगनं वरची रेघ ओढायचं कधीच सोडून दिलं होतं. कृष्णातनं डोळे डावीकडून उजवीकडं तीन वेळा फिरवले. मान डोलावली. सवयीनं "जावा" जिभेवर आलंच होतं.

"काय म्हंतंय, मास्तर?" धुळा पुढं वाकला. "तुमी म्हनाल तसं. जा म्हना, जातो."

कृष्णातनं शब्द गिळला. जा म्हणायचं किंवा जाऊ नको म्हणायचं, दोनच उत्तरं होती. कुठलंही एक ठोकून दिलं असतं तरी खपलं असतं. फाटकावर तो हेच करत आला होता, पण तिथं ड्रायव्हरचा चेहरा बघून करत होता. इथं दाराला चेहरा नव्हता. आणि समोरच्यानं विश्वासानं मान हातात दिली असताना अंदाजानं डाव टाकायचा नाही, हे तालमीत त्याला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. त्याचे कान तापले. त्याला खूप लाज वाटली.

"मला वाचाय येत न्हाई," तो म्हणाला.

"येतं की," लालासाहेब म्हणाले. "मंत्र टाकलाय ना?"

"मास्तरला येतंय. मला न्हाई. कवाच येत नव्हतं."

धुळानं खाली बघितलं. लालासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अर्जावर सातवी आहे," ते हळूच म्हणाले.

"वस्तादांनी लिवलं. मी निस्ता उबा हुतो."

मानसिंग वहीची पानं उलटत होता. तो अवघडून गेलाय असं धुळाला वाटलं, पण तो नियम शोधत होता. सापडल्यावर त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मंत्र वीस मिनिटं टिकतो," तो म्हणाला. "आता दोन दहा झालेत. अडीचपर्यंत मास्तरला वाचता येतं. तुम्ही दोघं गप्प बसा, ही लिपी तुम्हाला कळत नाही."

त्यानं कृष्णातच्या हातातली चिठ्ठी फिरवून सुलटी केली. पेन्सिलीनं अक्षरांवर रेघ ओढली. मग खुर्ची ओढून शेजारी बसला.

"हा प. शेजारी उभी काठी दिली की पा. हा य."

"पा," कृष्णात म्हणाला. "य. पा... य." तो थबकला. "पाय? पाय व्हय?"

"मी सांगायचं नाही. अक्षर सांगणार, शब्द तुमचा."

कृष्णातनं बोट पुढं सरकवलं. त्या बोटाखाली दोन-दोन अक्षरं झाकली जात होती, म्हणून मानसिंगनं त्याच्या हातात काडेपेटीतली काडी दिली. "ह्यो मघाचाच की!" कृष्णात एकदम ओरडला. "ह्यो प!"

"खाली शेपूट आलंय. पु."

धुळानं तोंडावर हात धरला होता. लालासाहेब भिंतीकडं तोंड करून बसले होते, पण त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या अक्षराला कृष्णातच्या कपाळावर घाम आला. सहाव्याला तो अडकला, मागं गेला, पुन्हा पहिल्यापासून आला. शेवटचं अक्षर त्यानं मानसिंगला बोलूच दिलं नाही. "थांबा, ह्यो वर आलाय. ह्यो य. ह्येला काठी हाय. या."

दोन सव्वीसला त्यानं काडी खाली ठेवली.

"पाय पुसून आत या," कृष्णात म्हणाला.

"निस्तं येवडंच?" धुळा म्हणाला.

"येवडंच लिवलंय. मी वाचलंय."

"आरं, मी हितं मराया उबा हुतो की!"

लालासाहेबांनी चष्मा पुसला आणि घातला. "वेळेत झालं?" त्यांनी मानसिंगला विचारलं.

"चार मिनिटं राखून."

"बरं." ते कृष्णातकडं वळले. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा अर्ज फायलीत राहू दिला नव्हता, आणि आता तो राहणार हे त्यांना सोसत नव्हतं. "ही पहिली झाली असं धरतो. अजून सहा राहिल्या. तेवढ्या होईपर्यंत तुमची फाइल मी कुणाला दाखवत नाही. पण वेळ लावू नका, चौऱ्याऐंशीला मी रिटायर होतो."

कृष्णातनं मान हलवली.

"ऑफिसचं ऑफिसात," मानसिंगनं टेबलावर टिचकी मारली. "दार उघडलंय. मास्तर काय करतो?"

कृष्णातनं काडी पुन्हा उचलली होती.

"पाय पुसतोय," तो म्हणाला, आणि कुणी सांगितलं नसताना पहिल्या अक्षरापासून परत वाचायला लागला.