शेजाऱ्यांनी भरलेली डिस्क

रांगेल आजोबा थापा मारतात, असं यांबोल शहरातल्या चौदा नंबर ब्लॉकने, म्हणजे अख्ख्या इमारतीने, एकमताने ठरवून टाकलं होतं. चौऱ्याऐंशी साली एल्होवो गावच्या एका लग्नात आपण तीन दिवस क्लॅरिनेट वाजवली आणि नवरी चपला तुटेस्तोवर नाचली, हे ते वीस वर्षं सांगत होते. पुरावा मात्र शून्य. लग्नातलं वाजवणं त्या काळच्या टायवाल्या सरकारी साहेबांना गावंढळ वाटायचं. त्या ठोंब्यांनी त्याची तबकडी कधी काढलीच नाही. कुणा पाहुण्याने टेपवर घेतलं होतं म्हणे. आणि आता पक्षाघाताने उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर वाजवून दाखवायचीही सोय उरली नव्हती.

शनिवारी आजोबांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी ते लग्न त्यांना ऐकवायचंच, असा त्यांच्या नातीने, नेवेनाने, चंग बांधला.

टेप कुणी संगणकावर चढवली असेल तर ती मिळणार देवघेवीच्या जाळ्यात. तिथे घरोघरचे संगणक एकमेकांना फायली देतात, मधे मालक नाही की दलाल नाही. पण ज्याच्याकडे फाइल आहे तो जोडलेला असेल तेव्हाच ती सापडते, आणि नेवेनाला चष्म्याच्या दुकानात नोकरी होती. दिवसभर बटणं कोण दाबणार? म्हणून त्या जाळ्याला जोडून देणाऱ्या प्रोग्रामचं तिने मागचं दार धरलं. पुढे माणसांसाठी बटणं, मागे दुसऱ्या प्रोग्रामांसाठी दार: तिथे मागणी टाकायची, तिथेच उत्तर घ्यायचं. तिने स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी त्या दारावर थाप मारून विचारायचा, 'एल्होवोचं लग्न आलं का?'

हे दार त्याच संगणकापुरतं उघडावं, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. पण पंख्याच्या घरघरीने आजोबांचं डोकं उठायचं, म्हणून संगणक बाल्कनीत, लाल मिरच्यांच्या बरण्यांशेजारी. थंडीत तिथे कुडकुडत कोण बसणार? नेवेनाने दार अख्ख्या ब्लॉकच्या इंटरनेटच्या केबलवर उघडून ठेवलं, कुलूपबिलूप न लावता. स्वयंपाकघरातून वापरायला एक पान बनवलं: एक चौकोन, एक बटण.

आणि ब्लॉकची केबल ओढली होती पेन्योकाकांनी. निवृत्त वायरमन, आजोबांचे सोंगट्यांचे जोडीदार, आणि त्यांची सगळ्यांत जास्त टवाळी करणारेही तेच. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

शुक्रवारी दुपारी नेवेना जेवायला घरी आली, तर लिफ्टमध्ये चिठ्ठी: 'हवं ते मागा. नेवेनाचं मशीन आणून देतं. पत्ता खाली.'

दोघे म्हातारे स्वयंपाकघरात पट मांडून बसले होते. नेवेनाने उभ्याउभ्याच लॅपटॉप उघडला आणि किंचाळली, "पेन्योकाका! माझ्या डिस्कवर बत्तीस फुटबॉल मॅच?"

"तेहतीस. एक अजून उतरतेय."

"आणि ही ट्रॅक्टर दुरुस्तीची पुस्तकं?"

"ती माझी नव्हेत बाई. ब्लॉकात ट्रॅक्टर कुणी लपवलाय, मीही शोधतोय."

"मालिका शेजारच्या स्तोइकाची," आजोबा म्हणाले. "दोनशे भाग. करणार काय, गुडघे धरलेत बिचारीचे."

"आबा, तुम्हीसुद्धा!"

"दार उघडं टाकलंस तर शेजारी येणारच," पेन्योकाका फासे खुळखुळवत म्हणाले. "तुझ्या आजोबाचं ते लग्न काही येत नाही. जे झालंच नाही ते येणार कुठून? निदान मॅच तरी बघू."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी उजवा हात हळूच टेबलाखाली घेतला.

नेवेनाच्या मस्तकात तिडीक गेली. सगळं पुसून टाकायचं, एकूण एक! पण आधी कुणी काय मागवलंय ते बघून एकेकाला फैलावर घ्यावं, म्हणून तिने नोंदी उघडल्या.

जाळ्यातल्या सगळ्यांत मोठ्या अड्ड्याचा नियम होता: तुमच्याकडच्या साठ गिगाबाइट फायली सगळ्यांसाठी खुल्या असतील तरच आत. घेणाऱ्याने आधी देणारा व्हायचं. नेवेनाकडे होत्या एकोणीस. आठवडाभर तिच्या प्रोग्रामला तिथून एकच उत्तर मिळत होतं, 'कमी आहे, बाहेर.' आज अकरा चाळीसला उत्तर आलं होतं, 'या.' शेजाऱ्यांच्या मॅचनी आणि मालिकांनी आकडा त्रेसष्टवर नेला होता! आणि त्याखाली:

'एल्होवो, लग्न, १९८४, दुसरा दिवस. एकतीस टक्के उतरलं.'

ती धावत लिफ्टकडे गेली आणि चिठ्ठीखाली मोठ्या अक्षरांत लिहून आली: 'कुणी काही पुसायचं नाही! अजून मागा!'

शनिवारी दुपारी तिने स्पीकर खिडकीत ठेवले. आधी नुसती खरखर, ताटल्यांचा आवाज, कुणीतरी खोकलं. मग क्लॅरिनेट अशी सुटली की स्तोइका मावशी गुडघ्यांसकट बाल्कनीत आली. खाली अंगणात माणसांनी हात धरले, नाचाची साखळी फिरू लागली.

आजोबांचा डावा हात टेबलावर नाचत होता. मग उजवाही वर आला. त्याची जिवंत बोटं ठेका धरू लागली.

"इथे घसरलो बघ," ते ओरडले. "पार गेलो होतो... ऐक, ऐक, आता कसा सावरतो!"

सावरले. अंगणातून शिट्ट्या आल्या.

पेन्योकाकांनी फासे खाली ठेवले, डोळे पुसले, आणि लगेच खाकरले. "हा दुसरा दिवस झाला. तीन म्हणाला होतास ना, रांगेल? पहिला आणि तिसरा कुठायत?"

"माग की," आजोबा म्हणाले. "पत्ता लिफ्टमध्ये आहे."