मधली कळी

प्रमोदिनीबाईंनी कुंडीतल्या मातीवर पडलेली कळी उचलून तळहातावर घेतली. टपोरी, घट्ट मिटलेली, देठाशी नखाने स्वच्छ खुडलेली. त्यांनी शेजारची कुंडी पाहिली, मग तिच्या पलीकडची. शेवंतीच्या सव्वीस कुंड्यांपैकी पंचवीस कुंड्यांत तेच होते. प्रत्येक फांदीवरची मधली, मोठी कळी गेली होती आणि बाजूची एखादी किरटी कळी तेवढी राखली होती.

“नत्थूजी!”

हौदावर झारी भरणारा म्हातारा माळी लगबगीने आला.

“काल हे चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“इथंच होतो जी, बाईसाहेब. सूनबाई खुडून राहिल्या होत्या. मले वाटलं, तुमचाच हुकूम असन. आन् माह्या डोयाले कळी कुठं दिसते आता? मागानं खाल्ले डोये.”

त्यात खोटे काही नव्हते. उभी हयात हातमागावर घालवून आलेल्या नत्थूजीला त्यांनी खुरपे आणि झारी यांपलीकडे काही सोपवलेच नव्हते. खुडणी त्यांची स्वतःची. दिवाळी सरली, धरमपेठेतली सकाळ अंगावर शाल मागू लागली, की त्या कुंड्यांपाशी पाट टाकून बसत आणि एका फांदीला एकच कळी ठेवून बाकीच्या उडवीत. मग डिसेंबरात फूल असे येई, की ओंजळीत मावू नये. प्रदर्शनाला येणारी माणसे त्यांना नावाने नव्हे, शेवंतीने ओळखत. असे बावीस हिवाळे झाले.

यंदा दसऱ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला. हे थांबेल, असे डॉक्टर काही म्हणाले नाहीत. खुडणीचे दिवस टळून चालले तेव्हा काल त्यांनी सुनेला सांगितले, “एका फांदीला एकच कळी ठेव,” आणि आपल्या झाडांवर दुसऱ्याचा हात पाहवणार नाही म्हणून खोलीचे दार लावून घेतले. कोणती कळी, हे सांगावे लागते, असे त्यांच्या मनातही आले नाही.

चारुशीला फर्नची कुंडी कडेवर घेऊन व्हरांड्यातून चालली होती. थंडी वाढण्याआधी ती झाडे आत नेत होती. सासूचा चेहरा पाहून ती पायरीवर थांबली.

“माई, चुकलं का काही?”

“मधली ठेवायची असते! आता येतील फुलं बोराएवढी, तीही संक्रांतीला. नऊ वर्षं खिडकीत उभी राहून पाहिलंस तरी काय?”

चारुशीलेने कुंडी खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

“श्रावणात तुम्ही शेंडे खुडता, ते पाहिलं होतं. वरचा काढता, बाजूचे फुटवे राखता. वाटलं, आताही तसंच असेल.” मग ती म्हणाली, “खिडकीतून हात दिसतात, माई. कळी नाही दिसत.”

ती खिडकी प्रमोदिनीबाईंनीच तिला नेमून दिली होती. पासष्ट साली त्यांचा मुलगा मुकुंद गेला, तेव्हा फुलझाडांना विधवेचा हात नको, असे त्यांनी सुनेला बजावले आणि घरातली पानांची झाडे तिच्या वाट्याला दिली. पुढे पाच वर्षांनी त्यांचे यजमान, जज्जसाहेबही गेले. त्यानंतर चौदाव्या दिवशी प्रमोदिनीबाई कात्री घेऊन गुलाबांच्या वाफ्यात उतरल्या. कोणी काही म्हणाले नाही. या घरात असे म्हणणारे माणूस एकच होते, आणि कात्री त्याच माणसाच्या हातात होती. त्या दिवशीही चारुशीला खिडकीत होती.

सव्विसावी कुंडी कोपऱ्यात होती. काल अंधार पडल्यामुळे ती तशीच राहिली होती. प्रमोदिनीबाईंनी पायाने पाट तिकडे सरकवला.

“ये. बस इथं. मी दाखवते.”

चारुशीलेने त्या पाटाकडे पाहिले. क्षणभर वाटले, ती पायरी उतरेल.

“नको, माई,” ती म्हणाली. “घरातली झाडं मला कळतात. तेवढीच राहू द्या माझ्याकडे.”

कुंडी उचलून ती आत गेली. पदराला लागून फर्नची पाने हलली, तेवढीच.

प्रमोदिनीबाई स्वतःच पाटावर बसल्या. पहिल्या फांदीवर तीन कळ्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि चिमूट कळ्यांपाशी नेली. चिमूट कळ्यांवरून इकडेतिकडे फिरत राहिली.

“मी तिकडं गुलाबाले पाणी देतो जी,” नत्थूजी म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. झारी रिकामीच होती.

टच् असा बारीक आवाज झाला. कोणती कळी गेली, हे पाहायला प्रमोदिनीबाईंनी मान खाली घातली नाही.