खुर्चीची शुगर एकशे चार

पंखे चार, भक्त चारशे. हॉलमध्ये घामाला आणि भक्तीला सारखाच पूर आला होता. व्यासपीठावर अक्काचा धाकटा भाऊ, धंद्याने सुतार, नवरदेवासारखा बसवला होता.

"याला स्वादुपिंडच नाही!" महाराज गरजले. "सारखं सुजायचं म्हणून अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काढलं. माझ्या शब्दावर चार दिवस इन्शुलिन बंद आहे. आता बघा!"

त्यांनी सुताराचं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला, अंगठ्याने बटण दाबून यंत्र उंचावलं. "एकशे चार!"

टाळ्यांनी छत हललं. अक्का मात्र पहिल्या रांगेत दातओठ खात होती. इन्शुलिन बंद? गाढवाने घरात अवाक्षर काढलं नव्हतं! मघापासून पाण्याची तिसरी बाटली रिचवतोय, जीभ टाळ्याला चिकटलीय, आणि म्हणे एकशे चार!

अक्का घड्याळं दुरुस्त करायची. आकडे दिसले की तिची नजर आधी वेळेवर जाई. यंत्राच्या कोपऱ्यात सात वाजून दहा मिनिटं. भिंतीवर साडेतीन.

ती तडक वर चढली.

"महाराज, तुमचं यंत्र अजून सकाळीच आहे की!"

"माते, देवाचा काळ वेगळा..."

"देवाचा असेल. बॅटरीचा नसतो."

तिने यंत्र हिसकावलं. पट्टी महाराजांच्या सरबतात बुडवली, त्यांच्यासारखाच अंगठा दाबला. एकशे चार! मग पट्टी खुर्चीला लावली. एकशे चार!

"अभिनंदन! खुर्चीचीही तब्येत ठणठणीत!"

हॉल खदाखदा हसला.

"पट्टी नीट आत सरकवायचीच नाही. बटण दाबलं की यंत्र सकाळची जुनी नोंद दाखवतं. कुणाची, ते या भोंदूलाच ठाऊक!" भावाच्या पिशवीतून तिने त्याचं स्वतःचं यंत्र काढलं, पट्टी आत सरकवली, बोट टोचलं.

चारशे बारा.

हसू विरलं. सुतार पुटपुटला, "मग अक्का, स्वादुपिंडाशिवाय मी इतकी वर्षं जगलो कसा?"

"अरे ठोकळ्या, फेकण्याआधी डॉक्टरांनी त्यातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि तुझ्याच यकृतात सोडल्या. बिऱ्हाड बदललं त्यांनी! आधी एकट्यांनी संसार ओढला. आता बऱ्याच थकल्यात, म्हणून वरून थोडं इन्शुलिन. थकलेल्याला हात द्यायचा, की मांडवात नाचायचं? ऊठ, दवाखान्यात चल!"

महाराज तोवर मागच्या दाराने पसार. सुतार दोन दिवस सलाईनवर काढून रंध्याकडे परतला.

तेव्हा बाबांनो, चमत्कार जरूर बघायला जा. पण हात जोडण्याआधी ते हात जरा कामाला लावा. यंत्र मागा, वेळ बघा, आणि एकदा खुर्चीचीही शुगर तपासा.