कार्डाशिवाय ताट

नणंद-भावजयीचं पटलं असं कुठं ऐकलंय? पण या दोघींचं न पटणं जरा वरचढच होतं. दोघींतून विस्तव जात नव्हता आणि घरात चूल मात्र एकच. आठवड्याभरात बर्फानं घाट बंद झाला की पुढचे दोन महिने ना कोणी वर येणार, ना कोणी खाली जाणार. तेवढे साठ दिवस या दोन बायकांनी एकमेकींची तोंडं बघत काढायची होती.

पुरुषमाणूस एक होता, तो गेल्या हिवाळ्यात गेला. नणंदेचा धाकटा भाऊ आणि भावजयीचा नवरा. तोही ऐन बंदीत, एकोणिसाव्या दिवशी. जमीन गोठून दगड झालेली, खणायची सोय नाही. घाट उघडेपर्यंत एक्केचाळीस दिवस त्याला मागच्या लाकडाच्या खोपटात ठेवावं लागलं. आणि चुलीचं जळणही त्याच खोपटात. दोघी पाळीपाळीनं तिथूनच लाकडं आणत होत्या.

नणंद म्हणजे काही साधी बाई नव्हे. इस्पितळाच्या स्वयंपाकघराची छत्तीस वर्षं मुख्य. हाताखालचे लोक पाठीमागं तिला ‘तराजू’ म्हणायचे. निवृत्त होऊन ती माहेरी भावाकडे राहायला आली, तेव्हा नाव तिच्याआधी घाट चढून आलं होतं. कोणत्या दाण्यात किती प्रथिनं, कशानं रक्त वाढतं, कशानं हाडं टिकतात, सगळं तोंडपाठ. बंदीच्या दिवसांसाठी कोठी भरायची तर तिनंच, हे घरात ठरूनच गेलं होतं. ‘पोट काय, भुशानंही भरतं. अंग भरायला पाहिजे,’ हे तिचं ठरलेलं वाक्य. भावजयीला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

भावजय शिवणकाम करायची. हातात कात्री, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. पण बोलली की टाचणी लागलीच म्हणून समजा. घाट उघडल्यावर ती एकटी खाली इस्पितळात जाऊन आली आणि खोपटाच्या दारात उभं राहून नणंदेला एकच वाक्य म्हणाली, “तुमच्या डब्यांनी मारलं त्यांना.”

तराजूला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय बाईचं. उलट तिचा स्वतःचा राग वेगळाच होता. तीन दिवस भाऊ अंथरुणाला खिळून होता आणि ही बया ‘दमलेत, पडू द्या’ म्हणत राहिली. वेळेवर जवळच्या चौकीला कळवलं असतं तर बिनतारी संदेश गेला असता, डॉक्टर काहीतरी बोलला असता. तेव्हापासून दोघींच्या बोलण्याला मीठ उरलं नव्हतं. ‘ताट वाढलंय’ आणि ‘दार लावा’, याच्या पलीकडं शब्द नाही.

तर आज ट्रक आला होता.

ट्रकवाल्यानं पोती उतरवली, कोठीच्या दाराशी आणून टाकली आणि हात झटकत म्हणाला, “आता मी चाकांना साखळ्या चढवतो आणि निघतो. शनिवारी शेवटची फेरी मारीन, पण कुणी चिठ्ठी दिली तरच. रिकामा ट्रक घेऊन घाट चढायला मला काय वेड लागलंय?”

तराजूचा हात स्वेटरच्या खिशात गेला. तिथं एक चिठ्ठी चार दिवस घडी होऊन पडली होती.

इथं आपण एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. तराजूला साखरेचा आजार झाला होता. सहा महिने झाले. रोज एक गोळी, ती कोठीत जाऊन, दूध पावडरच्या रिकाम्या डब्यातली, पाण्याशिवाय गिळायची. गोळ्या उरल्या होत्या बावीस आणि दिवस साठ. गोळ्यांची ती चिठ्ठी ट्रकवाल्याला दिली की काम झालं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भावजय तर तिथंच कमरेवर हात ठेवून उभी. जन्मभर दुसऱ्यांची पथ्यं सांभाळलेल्या बाईनं हिच्यासमोर पथ्य पाळत बसायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं! हिला संशय येऊ नये म्हणून तराजू रोज सकाळी हिच्यादेखत चहात दोन चमचे साखर घालून प्यायची. यंदाच्या यादीत तर तिनं वीस किलो साखर आणि मुरंब्याच्या सहा बरण्याही लिहिल्या होत्या. आता काय म्हणावं या बाईला!

हात तसाच खिशातून रिकामा बाहेर आला. ट्रकवाला साखळ्या घ्यायला गेला.

दोघी कोठीत शिरल्या आणि तराजू दारातच थबकली. जमिनीवर मधोमध, समोरच्या भिंतीपासून फळ्यांपर्यंत, शिवणकामाच्या निळ्या खडूनं सरळ रेघ मारलेली.

“हे काय?”

“रेघ,” भावजय म्हणाली. “इकडचं माझं, तिकडचं तुमचं. मी माझं वेगळं मागवलंय.”

तराजूनं तिचं पोतं उघडून पाहिलं. पांढरा तांदूळ, मैदा, शेवया, साधी बिस्किटं. बस्स.

“हे खाऊन दोन महिने काढणार? यात आहे काय? ना डाळ, ना दाणा. दात हलतील, केस गळतील. अगं, आजारी माणसाचं जेवणसुद्धा याहून बरं असतं.”

“असू दे. निदान यानं कुणी मरत तरी नाही.”

“पुन्हा तेच? शिळ्या कढीला किती ऊत आणशील?”

“तुम्ही तुमचे डबे लावा ना. मी हात लावलाय का?”

तराजूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मुद्दाम दाणदाण आवाज करत डबे लावू लागली. सुकवलेले जर्दाळू. घेवड्याचे दाणे. टोमॅटोच्या रसाचे डबे, एकावर एक तीन. “हे बघ. एवढ्याशा जागेत एवढं पोषण दुसऱ्या कशात नाही. गेल्या वर्षी धाकट्याला अशक्तपणा आला, तेव्हा मी रोज दुप्पट देत होते. वाटीभर दाणे, वर जर्दाळू, वर टोमॅटोचं सार. तू काय दिलंस? ‘पडू द्या!’ माझ्या भावाला तू—”

टोमॅटोचा वरचा डबा भावजयीनं उचलला आणि भिंतीवर मारला. डबा फुटला नाही, चेपला. मग ती शिवणाच्या खोलीत गेली. यंत्राचा खण ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद होता.

“वाचा. तुम्हाला वाचता येतं हे सगळं.”

तराजूनं चष्मा लावला. रक्ततपासणीचा कागद. भावाचं नाव. तारीख गेल्या वर्षीची, घाट बंद व्हायच्या सहा आठवडे आधीची. क्रिएटिनिन. पोटॅशियम. दोन्ही आकड्यांखाली कुणीतरी लाल रेघ ओढलेली. असले कागद तिनं हजारांनी पाहिले होते. हा हातात येताच तिला पहिली आठवण झाली ती निळ्या कार्डाची.

इस्पितळात तिचा एक नियम होता. प्रत्येक ताटावर रंगाचं कार्ड. लाल म्हणजे मीठ बंद. पिवळं म्हणजे साखर. निळं म्हणजे मूत्रपिंड, आणि निळ्या कार्डाच्या ताटात घेवडा नाही, टोमॅटो नाही, सुकी फळं नाहीत. त्यांतलं पोटॅशियम त्या शरीराला बाहेर टाकता येत नाही आणि मग काळीजच बंद पडतं. पांढरं कार्ड म्हणजे सगळं चालतं. काही नसलं तरी पांढरं लागायचंच. कार्डाशिवाय ताट हलवलं म्हणून तिनं एका वाढप्याला उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. छत्तीस वर्षांत एकही ताट तसं गेलं नाही. आणि स्वतःच्या घरात, स्वतःच्या भावाला, तिनं एकोणीस दिवस कार्डाशिवाय वाढलं. तेही दुप्पट.

ती साखरेच्या पोत्यावर बसली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

“आणि मला सांगितलं नाहीस? तोंडाला काय कुलूप होतं तुझ्या?”

“ह्यांनी शपथ घातली होती! ‘ताईला कळू देऊ नकोस, ती मला माणसातून उठवेल, खाटेवर बसवून कार्ड लावेल.’ औषधं घेत होते चोरून. मला कुठं कळत होतं वन्सं, खाण्यानंही माणूस जातो म्हणून? मी कापड कापणारी बाई. मला वाटलं, ह्यांची बहीण एवढी शिकलेली, तिच्या हातचं पौष्टिक खातायत, त्यानंच बरे होतील. पौष्टिक ते पौष्टिक! तुम्हीच रोज म्हणायचात. मी तर ताटात उरलं तर रागावून संपवायला लावायची. खाली गेले तेव्हा डॉक्टरनं विचारलं, काय खात होते. मी मोजून सांगायला लागले आणि त्यानं डोक्याला हात लावला.” तिचा आवाज फाटला. “तुम्ही वाढत होता आणि मी भरवत होते. आता बोला, कुणी मारलं?”

तराजूला भावाचे पाय आठवत होते. त्या दिवसांत ते सुजले होते, मोज्याचा वळ उठायचा. तिनं पाहिला होता तो वळ. इस्पितळात असती तर लगेच ओरडली असती, ‘या माणसाचं कार्ड कुठाय?’ घरात मात्र तिनं मोजे सैल विणून दिले.

“मला विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “पाय दिसत होते मला. मी विचारलं नाही.”

“नाही विचारलंत.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

बाहेर साखळ्यांचा खणखणाट थांबला. ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं आणि ते गरम व्हायला तसंच घुमत ठेवलं.

तराजूला रडू येत होतं आणि रागही येत होता. भावाचा राग, मेलेल्या माणसाचा. गाढवा, बहिणीपासून लपवायचं होतं तर तिच्या हातचं खायचं तरी नव्हतंस! आणि मग, त्याच दमात, खिशातली चिठ्ठी तिच्या बोटांना लागली. बावीस गोळ्या. खाली वीस किलो साखर, आणि आपण तिच्यावर बसलोय. त्याला गाढव कोणत्या तोंडानं म्हणायचं? सुंभ जळतो पण पीळ जात नाही, आणि या घराण्याचा पीळ तर आधीच एकाला खोपटापर्यंत घेऊन गेला होता.

ती उठली. वरच्या फळीवर जुन्या कार्डांचा गठ्ठा होता, निवृत्तीच्या दिवशी इस्पितळातून आणलेला. त्यातून तिनं एक पिवळं काढलं. पेन्सिलीनं लिहिलं: साखर नको, मुरंबा नको, मैदा नको, पांढरा तांदूळ थोडा. खाली स्वतःचं नाव. कार्ड आणि चिठ्ठी, दोन्ही तिनं रेघेपलीकडं धरली.

भावजयीनं आधी कार्ड वाचलं. मग चिठ्ठी. मग तिनं वर पाहिलं ते असं, की तराजूला वाटलं दुसराही डबा भिंतीवर जातोय.

“कधीपासून?”

“सहा महिने.”

“आणि रोज सकाळी दोन दोन चमचे? माझ्यासमोर? कुणाला दाखवायला हो, मला? आणि हे पोतं कुणासाठी, मुंग्यांसाठी?” ती ओरडायलाच लागली. “लाज नाही वाटत? एक गेला तरी यांचं लपवणं जात नाही! अख्खं घराणंच मेलं—”

बाहेर ट्रकनं गिअर टाकला. भावजय वाक्य अर्धंच सोडून तशीच, चप्पल न घालता, अंगणातल्या बर्फातून धावली. तराजूनं खिडकीतून पाहिलं. भावजयीनं ट्रकच्या दारावर दोन्ही मुठींनी मारलं, चिठ्ठी काचेतून आत दिली आणि ट्रकवाल्याला बोट नाचवून काहीतरी बजावलं. ट्रकवाल्यासारखा बडबड्या गडी, पण नुसती मान हलवत राहिला.

ती परत आली तेव्हा पाय लाल झाले होते. तिनं पोत्याचे कान धरले आणि साखर ओढत आपल्या बाजूला नेली. मुरंब्याच्या बरण्या नेल्या. परत येताना, तराजूच्या पोत्यातून घेवड्याचं एक पुडकं उचलून तिच्या फळीवर आदळलं. पिवळं कार्ड दाराला खिळ्यानं ठोकलं.

“शनिवारी आणतो म्हणाला. नाही आला तर चौकीला मी स्वतः जाईन. आणि आजपासून ताट मी वाढणार. गोळी माझ्यासमोर घ्यायची, पाण्याबरोबर, माणसासारखी.”

“तुला माझा एवढा पुळका कधीपासून?”

“पुळका कसला डोंबलाचा! पुन्हा त्या खोपटातून एक्केचाळीस दिवस लाकडं आणायची ताकद नाही माझ्यात.”

तराजूनं गठ्ठ्यातून प्रत्येक रंगाचं एकेक कार्ड काढलं आणि पेन्सिलीसकट रेघेपलीकडं ठेवलं.

“तुझं कोणतं ते घे,” ती म्हणाली. “आणि खरं लिही.”