शेगडीपाशी

"वच्छलाबाई, आज पाहुण्यायसमोर तोंड बंद ठेवजा," मी शिवमला लाल जॅकेट चढवता चढवता बजावलं. त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडावर घेतला.

सकाळपासून माझे पाय जमिनीवर नव्हते. मुलांच्या कानावर किती शब्द पडतात, ती स्वतः किती बोलतात आणि त्याचा पुढं वाचनाशी काय संबंध, यावर अर्पिता मॅडमचं संशोधन चाललं होतं. प्रत्येक जॅकेटच्या खिशात काडेपेटीएवढा रेकॉर्डर. धामणगाव बढेच्या आसपासच्या शाळांत त्यांनी दुसरीच्या मुलांची वाचनचाचणी घेतली, तर आमच्या अंगणवाडीतून गेलेली मुलं सगळ्यांच्या पुढं निघाली. का, ते शोधायला मॅडम पुण्याहून आल्या होत्या. एक अंगणवाडी निवडून तिथं बाकीच्या सेविकांना शिकवायचं ठरत होतं.

मला ते 'का' ठाऊक होतं. अकरा वर्षं सेविका मी आहे. भिंतभर तक्ते मी रंगवलेत, गाणी मी बसवलीत. वच्छलाबाई आमच्या मदतनीस. खिचडी शिजवायची, भांडी घासायची. अक्षरओळख नाही आणि बडबड मात्र अखंड.

त्या दिवशी अंगणवाडी कशी शिस्तीत चालली! मी तक्त्यापुढं, मुलं माझ्यामागं एका सुरात.

दुपारी मॅडम लॅपटॉपवरून मान वर करून हळूच म्हणाल्या, "मंजुश्रीताई, मुलं तुमचंच परत म्हणतायत. स्वतःचं काहीच बोलत नाहीत. रोज असंच असतं का?"

मुलं पाहुण्यांना बुजली, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. निवडीत माझं नावही शाबूत राहिलं असतं. पण शेगडीपाशी बसलेल्या वच्छलाबाई दिसल्या. पदर अजून तोंडावरच होता. मला स्वतःची लाज वाटली. एरवी मुलं बाईंशीच बोलत असतात आणि आज मीच त्यांना गप्प बसवलंय, हे मी मॅडमला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंना बोलायची मुभा मिळाली. "खिचडी बुडाले लागली त माह्या नावावर नका टाकजा," एवढं आधीच सांगून त्यांनी झारा उचलला. मुलं आपोआप भोवती जमली, पण शेगडीपासून हातभर लांब. ती रेघ बाईंनीच आखलेली.

"हे पाणी काऊन उकळून राह्यलं, शिवम?"

आणि त्या थांबल्या. शिवम विचार करत राहिला, बाई हलवत राहिल्या. मी असते तर उत्तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

"त्याले राग आला," शिवम म्हणाला.

"काऊन आला?"

"करिष्मानं त्याले चिडवलं म्हनून."

मग करिष्माला बोलायचं होतं, प्रेमला बोलायचं होतं, सगळ्यांनाच बोलायचं होतं. मॅडम खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. अकरा वर्षं हे माझ्या पाठीमागं चाललं होतं आणि मी त्याला कटकट म्हणत होते.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावून हेडफोन बाईंच्या कानाला लावला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "लय बोलते हे बाई," त्या म्हणाल्या. "इले कामधंदा नाही का?"

आम्ही हसलो. हसता हसता माझे डोळे भरून आले. निवड आमचीच झाली. सेविकांना शिकवणार कोण, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी वच्छलाबाईंकडं बोट दाखवलं. त्या घाईघाईनं शेगडीकडं वळल्या. मी त्यांच्या हातातून झारा घेतला.

"तुमी बोला, बाई. खिचडी मी पाह्यते."

खिचडी बुडाला लागली. ती काऊन लागली, हे वच्छलाबाईंनी मुलांना विचारलं आणि त्या थांबल्या.